मामालाही फुल रेट

बोअरमध्ये कॅमेरा सोडायचे मी पैसे घेते. वाक्य साधं आहे, पण ते मान खाली न घालता म्हणायला मला बराच काळ लागला. कॅमेरा आणि केबल यायला आठवडा लागला, चालवायला शिकायला दोन दिवस. "किती झाले?" या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला मात्र कुठल्याच पॉलिटेक्निकमध्ये शिकवत नाहीत.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या धाराशिव जिल्ह्यात माणसागणिक नसला तरी बांधागणिक बोअर आहे. साडेसहा इंची भोक, खोली विचारू नका. त्यात मोटार अडकते, पाइप तुटतो, दगड ढासळतो, कधी पाणीच गायब होतं. वरून डोकावून बघितलं तर काळोख आणि आपलाच आवाज. मी त्यात दिवे लावलेला एक लहानसा कॅमेरा केबलनं खाली सोडते. वर डब्यात पडदा असतो. त्यावर आधी केसिंगचा पाइप दिसतो, मग मुरूम, मग काळा पाषाण, मग कुठं झरा फुटला आहे, मोटार कुठं बसली आहे, सगळं दिसतं. शेतकरी पडद्याजवळ असा वाकतो, जणू घरात सोनोग्राफी चालली आहे. "हलतंय का काही?" असंही एकानं विचारलं होतं. बेडूक होता, हलत होता.

मी राहते बेंबळीला. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोटार वायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी लहानपणापासून उशाला होत्या, त्यामुळं मुलगी असून हे कसं सुचलं, हा प्रश्न निदान घरात कुणी विचारला नाही. घरात प्रश्न वेगळा होता. तो आईचा होता.

"कुणाकडनं बी पैसे घे," आई म्हणाली, "पण मामाला मागू नको."

मामा तेरचा. आईचा सख्खा भाऊ एकच, मोठा बागायतदार, आणि आईचं माहेर म्हणजे तेवढंच. पंचमीला बोलावणं, दिवाळीला बोलावणं, निघताना साडी आणि पायलीभर डाळ. आई ते सगळं हातानं चाचपत आणते. मामा रागावला तर तेरचा रस्ता बंद, एवढी साधी भीती तिला होती आणि ती खोटी नव्हती. मी म्हटलं, बरं. पण मनात म्हटलं, मामाला फुकट म्हणजे मामाच्या भावकीला फुकट, भावकीला फुकट म्हणजे अर्ध्या तेरला फुकट. मग उरलेलं अर्धं तेर म्हणणार, आमी काय घोडं मारलंय?

सुरुवातीला मी दुकानावर पाटी लावली: 'जयश्री बोअर कॅमेरा सेवा'. रंगाऱ्यानं अक्षरं झोकात काढली होती. पहिल्या आठवड्यात इतकी माणसं आली, की अण्णांनी चहाची किटली मोठी आणली. मी रेट सांगितला की जो तो पाटीकडं बोट दाखवायचा. एक जण तर दुखावलाच. "सेवा लिवलंय की बाई. सेवेचे पैसे कुठं असतेत? आमी देवळात सेवा करताव, कवा मागितले का?"

"अन् कृषी सेवा केंद्रात युरिया फुकट मिळतो का, दादा?"

"ते केंद्र हाय. तुझी नुसती सेवा हाय."

मी रंगाऱ्याला परत बोलावून 'सेवा' पुसली आणि 'तपासणी' लिहिलं. गर्दी निम्म्यावर आली, पण आली ती खिशात हात घालून आली. एका शब्दाला एवढी किंमत असते, हे मला रंगाऱ्यानंही शिकवलं. पाटी पुसायचे त्यानं वेगळे पैसे घेतले.

दुसरी पंचाईत वाईट बातमीची. पाणाड्या हातावर नारळ घेऊन रानभर फिरतो, नारळ उभा राहिला की म्हणतो, इथं चार इंची धार हाय. त्याला टोपी-टॉवेल, जेवण आणि मोठी नोट. मग बोअर पडतो, फुफाटा उडतो, आणि मला बोलावतात. मी कॅमेरा तळापर्यंत सोडते आणि सांगते, कोरडा आहे. की लगेच, "मग पैसे कशाचे? काहीच न्हाय निघालं तर!" पाणाड्याला कुणी परत शोधत नाही, कारण त्यानं आशा दिलेली असते. एका मालकाला मी म्हटलं, डॉक्टरनं तुम्हाला काही झालेलं नाही म्हणून सांगितलं, तर त्याचे पैसे बुडवता का? तो म्हणाला, "तवाच तर बुडवतो." त्याच्या बोअरवरून मी तशीच परत आले, पण हसत हसत आले. तेव्हापासून केबल सोडायच्या आधी पैसे. आशेचा भाव केबल सोडल्यावर कमी होतो, हे एव्हाना समजलं होतं.

पण खरी अडचण वेगळीच होती, आणि ती माझ्या जागी एखादा पोरगा असता तर आली नसती. ती म्हणजे ओटी.

काम संपलं की घरातली बाई ताट घेऊन बाहेर यायची. ताटात खण, नारळ, तांदूळ. "लेकीला रिकाम्या हातानं कसं लावून द्यायचं?" म्हणत माझ्या ओढणीत सगळं घालायची, कुंकू लावायची, आणि मालक कृतार्थ चेहऱ्यानं म्हणायचा, झालं! म्हणजे हिशेब मिटला. ओटीला नाही म्हणायचं नसतं, हे आईच्या दुधातून आलेलं. आमच्या घरात ब्लाऊजपीसांचा असा ढीग लागला, की आई ते नातेवाइकांना देऊ लागली. त्यातला एक पोपटी पीस तर आम्ही शेजारच्या काकूंच्या ओटीत घातलेला, तो चार गावं फिरून एका बोअरवर पुन्हा माझ्याच ओटीत पडला. त्याच्या कोपऱ्याला आमच्या घरच्या हळदीचा डाग होता. डिझेलवाल्याला मी एकदा गमतीनं विचारलं, नारळ चालतील का? तो म्हणाला, देऊळ पुढच्या चौकात आहे.

मग एक दिवस बेंबळीजवळच्या एका तात्यांच्या रानात माझी जीभ सैल सुटली. तात्या म्हणजे माळकरी, जमीनजुमला भरपूर, बोलणं तुपातलं. काम झालं, त्यांच्या मोटारीचा तुटलेला पाइप नेमका सापडला, आणि आगाऊ पैसे मागायचं त्या दिवशी नेमकं राहून गेलं होतं. तात्यांनी घराकडं बघून हाक मारली, "अगं, वटी आण. आपली लेकच हाय ती. लेकीला कुणी कामाचे पैसे देतंय व्हय?"

मी म्हटलं, "तात्या, लेकच म्हणताय तर एक करा. वटी ऱ्हाऊ द्या. ह्या रानाच्या सातबाऱ्याला माझं नाव लावा. लेकीचा जो वाटा निघंल तो मलाबी चालतोय."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, बांधावरच्या चिंचेकडं बघितलं, आणि त्यांचा हात आपोआप बंडीच्या खिशात गेला. "किती म्हणला होता म्याडम तुमी रेट?"

लेकीची म्याडम व्हायला एक वाक्य पुरलं. त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या अवजारांतलं एक झालं. जिथं जिथं कुणी लेक म्हणून ताट मागवलं, तिथं मी सातबारा काढला, आणि प्रत्येक ठिकाणी पाकीट निघालं. लोक हसायचे, पण हसता हसता मोजायचे. धंद्याला जम बसला तो या एका वाक्यावर, असं म्हटलं तरी चालेल. आईला मात्र मी ते कधी ऐकवलं नव्हतं. का ऐकवलं नाही, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

याच सुमारास धाराशिवला नवउद्योजकांची एक कार्यशाळा झाली. अण्णांनी नाव घातलं होतं. सर पुण्याहून आले होते, हातात माइक, अंगात जाकीट, बाहेर ऊन रणरणतं. ते म्हणाले, प्रत्येकानं उभं राहून आपलं ध्येय सांगा, पण मोजता येईल असं. एकानं कोटीत सांगितलं, एकानं निर्यात सांगितली, शेळीपालनवाल्यानं शेळ्या सांगितल्या. माझी पाळी आली. मी म्हटलं, "मामाकडून पूर्ण रेट घेणे."

सर हसले. "हे ध्येय नाही होत, मॅडम. थोडं मोठं बघा."

"सर, तुमचे मामा तेरचे न्हायत," मी म्हटलं. सगळा हॉल हसला. मी विनोद केला नव्हता.

आता द्यायचं कसं, तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल ही पोरगी नुसती घेतेच. मी ठरवलं होतं की अधूनमधून एक बोअर फुकट बघायचा. मात्र तो मी निवडायचा, मागणाऱ्याला नाही द्यायचा. पहिला निवडला सास्तूरजवळच्या एका अव्वांचा. अव्वा एकट्या, घरात कानडी, बाजारात मराठी, रान थोडं, बोअर बंद पडलेला. मी व्हॅन घेऊन गेले आणि मोठ्या मनानं म्हटलं, "अव्वा, तुमच्याकडनं काही घेणार न्हाय."

अव्वा पायरीवर बसल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. "मग जा," म्हणाल्या.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली असेल. पण अव्वा शांतपणे सांगू लागल्या. "भूकंपात लई दिलं लोकांनी. देवमाणसं हुती, न्हाय कसं म्हणू? ट्रक भरभरून कापडं आली. आमच्या मालकाला एक कोट मिळाला, शहरातला, आत गुळगुळीत अस्तर. बदलून मागावा तर कुणाला मागायचा? फुकट दिल्यालं बदलून मागता येत न्हाय. मालकानं दोन सुग्या तो कोट घालून औत हाकलं. बैलं बुजायची." त्या स्वतःच खुदखुदल्या. मग कमरेची पिशवी सोडली. "तुला पैसे दिले म्हंजी मला म्हणता येतंय, पोरी, अजून खाली सोड, घाई करू नको. फुकट बघशील तर मी गप बसून बघायचं. त्ये मला जमणार न्हाय."

पैसे दिल्यावर अव्वांनी ते वसूलही केले. तीन वेळा केबल खालीवर करायला लावली, पडद्यावर बोट ठेवून एकेक भेग विचारली, आणि खरंच दुसऱ्या फेरीत माझ्या नजरेतून सुटलेली ओल त्यांच्या आग्रहामुळं दिसली. दान करायला गेले आणि गिऱ्हाईक घेऊन परत आले. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की रेट सांगणं हा मान देण्याचाच एक प्रकार आहे. हे मी मामाच्या बाबतीतही स्वतःला पुष्कळदा बजावलं. आईच्या चेहऱ्याकडं बघितलं की विसरायला व्हायचं.

आणि मग या उन्हाळ्यात मामाचा फोन आला. मोटार बंद, वर ओढली तर येईना, पाइप अर्ध्यात अडकून बसलेले. "जये, ये तुझा तो दुर्बिणीचा डबा घेऊन. तुझ्या आईलाबी आण."

आई व्हॅनमध्ये माझ्या शेजारी बसली. मांडीवर मामासाठी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. धाराशिव ओलांडलं. मग म्हणाली, "काय ठरवलंस?"

"काहीच न्हाय."

"माझं माहेर तेवढंच हाय, जया," ती म्हणाली. आणि डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं.

मामाच्या रानात सगळं घर जमलं होतं. मी बोअरच्या तोंडावर तीन पायांचं तिकाटणं उभं केलं, केबल सोडली. केसिंग संपलं, मुरूम संपला, पाषाण लागला. मोटारीच्या जरा वर पडद्यावर काहीतरी हिरवं दिसलं. बोअरमध्ये हिरवं? दिवा वाढवला. हिरवा खण, जरीच्या काठाचा, पाइपाला गुरफटून मोटारीच्या तोंडाशी ओढला गेलेला. आणि त्याच्याआड, पाइप आणि खडकाच्या मधे, पाचरीसारखा बसलेला एक नारळ. शेंडीसकट.

मामी पडद्यावर वाकली. "अगं बया! ही तर माझी वटी!"

"वटी?" मामाचा आवाज चढला. "बोअरमधी?"

"नदीची भरतेत, हिरीची भरतेत, मग ह्या बिचारीनं काय पाप केलंय?" मामी अजिबात डगमगली नाही. "पाणी लागलं तवाच भरली मी. तुमी पेढे वाटायला गेला हुता."

मी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो फसला. आईही पदर तोंडाला लावून हसत होती, आणि मला ते बघून फार बरं वाटलं. ती माहेरच्या रानात उभी राहून हसत होती. मग मी केबलसोबत आकडा सोडून खण सोडवला, मामाच्या माणसांनी दोराला पहार बांधून नारळ फोडला. बोअरमध्ये नारळ फोडलेला मी तरी पहिलाच बघितला. पाइप सुटले. संध्याकाळच्या आत मोटार वर आली.

मामा खूश झाला. पाठीवर थाप मारली. आणि मामी आतून ताट घेऊन आली. खण, नारळ, तांदूळ. मामा म्हणाला, "घे. भाचीला कुणी पैसे देतंय व्हय? तू तर आमची लेकच."

मी विचार केला नाही, असं म्हणणं खोटं होईल. विचार करायला वेळच मिळाला नाही. जिभेला सवय लागली होती. "लेकच म्हणताय तर मामा, सातबाऱ्याला नाव लावा की. लेकीचा वाटा काढा."

कुणी हसलं नाही.

आजोबा गेले तेव्हा आईनं हक्कसोडपत्रावर सही केली होती. बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून दिला, असा तो कागद. आमच्याकडं बहुतेक बहिणी तो करून देतात, कुणी त्यांना विचारतही नाही. ज्या रानात मी उभी होते, त्यात आईचा वाटा होता. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. जिभेनं मात्र मला विचारलं नाही. मामाचा चेहरा दगडासारखा झाला. मामीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मी आईकडं बघायचं टाळलं, कारण तिनं आयुष्यभर जपलेलं एक दार मी चेष्टेत लाथाडलं होतं आणि मला रडू येत होतं.

बोलली ती आईच. आवाज अजिबात चढला नव्हता.

"दादा, माझा वाटा म्या सोडला. खुशीनं सोडला, आज त्याचं नाव काढायचं न्हाय. पण त्या कागदावर सही माझी हुती. हिचे कष्ट सोडून द्यायची सही म्या कवाच केली न्हाय." मग माझ्याकडं वळून, "तुझा रेट सांग त्यांला."

मी सांगितला. माझा आवाज कसा होता, ते विचारू नका. मामा घरात गेला, बाहेर आला, पूर्ण रेट माझ्या हातावर ठेवला. मामीनं आम्हा दोघींची ओटी भरली, आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "आता ह्यो खण तरी बोअरमधी टाकू नको." निघताना मामा दर वेळी म्हणतो, दिवाळीला लवकर ये. या वेळी म्हणाला नाही. ते न म्हणणं आईनंही ऐकलं आणि मीही.

परतीच्या रस्त्यावर मी पुष्कळ वेळ माफी मागायची तयारी करत होते. धाराशिवात चहाला थांबलो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं कप खाली ठेवला आणि तळहात पुढं केला.

"काढ."

"काय?"

"माझा वाटा. बोलणं म्या केलं न्हवं तिथं? तू तर रडायच्या बेतात हुतीस."

मी तिथंच टेबलावर अर्धे मोजून दिले. आईनं ते घडी घालून पोलक्यात ठेवले. माझ्या माहितीत तिनं कुणाकडं वाटा मागितला, तो पहिल्यांदाच.

हे लिहीत असताना दिवाळी तोंडावर आली आहे आणि तेरचं बोलावणं अजून आलेलं नाही. मी आईला विचारलं, नाहीच आलं तर? ती भाजी निवडत होती. "मी जाईन की. माझं माहेर हाय, भाड्यानं घेतलंय व्हय?" पण रात्री ती दोनदा फोन उलटा-सुलटा करून बघते, तेही मला दिसतं.

काल तिनं मला बाजारात नेलं. भाऊबिजेला भावाला द्यायला कापड घ्यायचं होतं. एरवी आई अण्णांकडून मिळतील तेवढ्या पैशांत बसेल असा पीस घेते, आधी किंमत विचारते, मग रंग. दुकानदारानं सवयीनं तेच ठाण पुढं टाकलं. आईनं ते बाजूला सारलं, पोलक्यातून घडी काढून गल्ल्यावर ठेवली.

"भारीतलं दाखव," ती म्हणाली. "पैसे माझे हायेत."